हाकेला ओ

आईचा हात वाढतोय हे सगळ्यांत आधी कासारमामांना कळलं.

सांगलीच्या गावभागात वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. संक्रांतीच्या आधी एकदा आणि नागपंचमीच्या आधी एकदा कासारमामा चौकात येऊन बसायचे. वाड्यातल्या बायका एकेक करून पुढ्यात बसायच्या. मामा हात हातात घ्यायचे, अंगठ्याखालचा उंचवटा आत दाबायचे, बोटं जुळवायचे आणि बांगडीकडे न बघताच माप सांगायचे. ही मापं आण्यांत चालतात. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच आणि मधलं ते दोन-सहा. आईचं माप १९७० साली लग्नात भरलेल्या चुड्यापासून सव्वादोन. मामांना ते पाठ होतं.

१९८६ च्या संक्रांतीला सव्वादोनची बांगडी बोटांच्या पेरांवर अडली. "वहिनी, हात भरलाय," मामा म्हणाले आणि दोन-सहाच्या भरल्या. तीन मुलींनंतर बाईचा हात भरतोच, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. १९८९ ला अडीच. १९९३ च्या नागपंचमीला अडीचच्या भरताना तीन बांगड्या वाढल्या. आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. फुटणं हा शब्द सवाष्णीच्या हाताजवळ उच्चारायचा नाही, म्हणून वाढणं. आईच्या मनगटावर रक्ताचा बारीक ओघळ आला. मामांनी हळद मागितली, ती दाबून धरली आणि बराच वेळ तो हात सोडलाच नाही. मग हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, बाईचा हात जाड होतो ते मी रोज बघतो. पण मांस वाढतं, हाड वाढत नाही. तुमचं हाड वाढलंय. दाखवून घ्या कुणाला तरी."

त्या दिवशी तिला दोन-दहाच्या भरल्या. मी तेव्हा अठरा वर्षांची होते.

दाखवून घ्या म्हणजे कुणाला, हाच प्रश्न होता. आई डॉक्टरांकडे जात नव्हती असं नाही. रक्तदाबाची गोळी एकाकडून, साखरेची दुसऱ्याकडून. रात्री बोटांना मुंग्या यायच्या, ती उठून हात झटकत बसायची, त्यावर जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली. खालच्या दातांत फटी पडल्या होत्या, दाताच्या डॉक्टरांनी हिरड्यांचं औषध दिलं. घाम इतका यायचा, की थंडीतही तिच्या पोलक्याची पाठ ओली असायची. ती घोरायला लागली होती. तिची जोडवी सोनारानं कापून काढली होती आणि पायात बाबांच्या मापाची चप्पल होती. प्रत्येकानं आपापला तुकडा बघितला, त्या तुकड्याला औषध दिलं आणि पैसे घेतले. एका दवाखान्यात तर तीन वर्षं तिला सांगत होते, की पाळी जायची वेळ आली, चाळिशीत असं होतंच. त्या तीन वर्षांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या काळात तिचा जबडा पुढे येत होता, कपाळाचं हाड भुवयांवर उतरत होतं आणि ती दर महिन्याला त्याच खुर्चीत, त्याच माणसासमोर बसत होती.

आम्ही तरी काय बघत होतो? रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही हे खरं. पण माझ्यापुरतं ते पूर्ण खरं नाही. मला तिचा आवाज ऐकू येत होता.

वाड्यात कुणी आलं की दिंडीदरवाजातून हाक मारायचं आणि आई आतून "ओ" द्यायची. लांबलचक, शेवटी जरा वर चढणारा ओ. शेजारच्या आजी म्हणायच्या, तुझ्या आईच्या ओ वरून मी वेळ ओळखते. तो ओ जाड होत गेला. जीभ मोठी झाली होती, घशाच्या कूर्चा वाढल्या होत्या, हे सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं, की नवा पोस्टमन तो ओ ऐकून "साहेब, मनिऑर्डर आहे" म्हणाला. विलिंग्डन कॉलेजमधल्या मैत्रिणी पुस्तक न्यायला यायच्या, तेव्हा त्यांनी हाक मारायच्या आत मी धावत चौकात जायचे. आईनं ओ देऊ नये म्हणून. तिच्या हे लक्षात आलं होतं. मैत्रिणी आल्या, की ती मागच्या परसात जाऊन बसायची. आमच्यात यावर कधी बोलणं झालं नाही.

मिरज सांगलीला लागूनच आहे आणि ते दवाखान्यांचंच गाव. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथं मिशनचं इस्पितळ सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकापासून कोकणापर्यंतची माणसं दुखणं घेऊन मिरजेला उतरतात. हाताच्या मुंग्यांसाठी आम्ही तिथल्या एका तरुण डॉक्टर बाईंकडे गेलो, तेही वाड्यातल्या कुणीतरी पत्ता दिला म्हणून. बाईंनी आईचा हात तपासायला हातात घेतला आणि अगदी कासारमामांसारख्याच थांबल्या. मग तिच्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी जे विचारलं, ते तोवर कुणी विचारलं नव्हतं. "काकू, लग्नातला फोटो आहे का घरी?"

दुसऱ्या दिवशी सिटी बसनं आम्ही फोटो घेऊन गेलो. पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. बाईंनी तो टेबलावर ठेवला आणि त्यावर १९८० चा, १९८५ चा, असे आम्ही नेलेले बाकीचे फोटो ओळीनं मांडले. शेवटी आई स्वतः बसली होती. मी त्या ओळीवरून नजर फिरवत आईपर्यंत आले आणि मला रडू फुटलं. वीस वर्षं एका टेबलावर मावली होती. फोटो बघणं ही या आजारातली जुनी आणि खरी तपासणी आहे, हे मला पुढे कळलं. त्याला पैसे पडत नाहीत. तरीही लक्षणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत पाच-दहा वर्षं गेलेले रुग्ण आजही कितीतरी असतात.

डोक्याचा बाजूनं एक्स-रे काढला. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी खोगिरासारखी एक खाच असते. त्या खाचेत वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी बसलेली असते. आईचं खोगीर फुगून वाटीसारखं झालं होतं. बाईंनी बोट आईच्या कुंकवावर टेकवलं आणि म्हणाल्या, "याच्या सरळ मागे, आत." त्या ग्रंथीत एक गाठ होती, कर्करोगाची नव्हे, साधी. पण ती वाढीचं संप्रेरक ओतत होती. लहानपणी असं झालं तर माणूस ताडमाड उंच होतो. मोठेपणी लांब हाडांची टोकं बंद झालेली असतात, तेव्हा उंची वाढत नाही. हात, पाय, जबडा, नाक, जीभ, आणि आत हृदयसुद्धा वाढतं. पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी १८८६ साली या आजाराला नाव दिलं, ॲक्रोमेगाली. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ, टोकं मोठी होणं.

आईनं ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मग विचारलं, "म्हणजे माझं काही चुकलं नाही ना?"

जानेवारी १९९४ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेसनं आम्ही मुंबईला गेलो. तिथल्या सरकारी रुग्णालयात ग्रंथींचे डॉक्टर होते, मूळचे कराडचे, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत कृष्णेच्या पाण्याची चौकशी झाली. बाबांना वाटलं होतं, रक्त काढतील, आकडा येईल, शस्त्रक्रिया होईल. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायचे, आकड्यावर त्यांचा फार विश्वास. डॉक्टर म्हणाले, इथं एका आकड्याचा उपयोग नाही. वाढीचं संप्रेरक काही नळासारखं सारखं वाहत नाही, उमाळ्यानं येतं. झोपेत वाढतं, धावलं तर वाढतं, घाबरलं तरी वाढतं. धडधाकट माणसाचं रक्त एका क्षणी घेतलं तर जास्त भरेल, तासानं घेतलं तर जवळजवळ शून्य. "पोरं दंगा करतायत की नाही हे भिंतीआडून नुसता आवाज ऐकून कळत नाही. एकदा दटावून बघायचं, गप्प बसतात का. आणि एकदा हाक मारून बघायचं, कोण ओ देतं."

बाबांना ते लगेच पटलं. सांगलीजवळ हरिपुरात जमिनीखाली हळदीची पेवं होती, मडक्यासारखी खोल. पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही. बरेच दिवस बंद असलेल्या पेवातली हवा माणूस मारते. आधी कंदील सोडायचा, तो जळत राहतो का बघायचं. बाबा म्हणाले, "म्हणजे कंदील सोडायचा." डॉक्टरांना पेवाची गोष्ट माहीत नव्हती. त्यांनी ती बसून सगळी ऐकून घेतली. बाहेर रांग होती, तरीही. त्या दहा मिनिटांसाठी मी त्यांना आजही मनात नमस्कार करते.

दटावण्याची तपासणी म्हणजे साखरेची. रात्रभर उपाशी ठेवून सकाळी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तास, दर अर्ध्या तासानं रक्त घेतात. वाढीचं संप्रेरक रक्तातली साखर चढवतं. साखर आधीच चढली की निरोगी ग्रंथी हात आवरता घेते. त्या काळी दोन तासांत आकडा २ नॅनोग्रॅमच्या खाली यायला हवा असायचा, पुढे मोजमाप बारीक झालं तशी ही रेषा १ वर आली आणि आता तर त्याहूनही खाली सरकली आहे. आईचा उपाशीपोटीचा आकडा ३८ होता. साखरेनंतर ४१, ३९, ४४, ४०. मी शंभर पानी वहीत वेळ आणि आकडे लिहीत होते. ते काम डॉक्टरांनीच मला दिलं होतं. रिकाम्या हातांनी बसलेली मुलगी जास्त घाबरते, असं त्यांना वाटलं असावं.

दुसरी तपासणी हाकेची. या एका तपासणीपायी पुढची तीस वर्षं मी या विषयात गुंतून राहिले.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून एक भाग आहे. तो वरून पियुषिकेला हुकूम पाठवतो. प्रत्येक कामाचा हुकूम वेगळा. त्यातला एक टीआरएच, अवघ्या तीन अमिनो आम्लांची साखळी. टीआरएच आलं, की पियुषिकेतल्या ठरावीक पेशी थायरॉइडला जागं करणारं संप्रेरक सोडतात, दुधाशी संबंधित प्रोलॅक्टिनही वाढतं. वाढीच्या संप्रेरकाच्या पेशींशी या हुकमाचा काही संबंध नसतो, त्या ढिम्म असतात. पण ॲक्रोमेगाली झालेल्या निम्म्याहून अधिक लोकांत टीआरएच टोचलं, की वाढीचं संप्रेरक उसळतं. हाक थायरॉइडच्या कामाची असते आणि ओ भलत्याच पेशी देतात. गाठीतल्या पेशी आपलं नाव विसरलेल्या असतात, कुणाच्याही नावाला उठतात.

आईच्या शिरेत २०० मायक्रोग्रॅम टीआरएच गेलं. मिनिटभरात तिचा चेहरा लाल झाला, तोंडात पैशाची चव आली म्हणाली, पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यावर येते तशी, आणि लघवीला जायची घाई झाली. डॉक्टरांनी हे सगळं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ती घाबरली नाही. वीस मिनिटांनी घेतलेल्या रक्ताचा निकाल काही दिवसांनी आला. ३८ चे ९६ झाले होते.

हे टीआरएच माणसाला सापडलं कसं, ते मी नंतर ग्रंथालयात बसून वाचून काढलं. रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली हे आधी एकत्र काम करणारे, मग प्रतिस्पर्धी झालेले शास्त्रज्ञ. मेंदूत हा पदार्थ इतका नगण्य असतो, की चिमूटभर मिळवायला एकानं मेंढ्यांचे आणि दुसऱ्यानं डुकरांचे मेंदू खाटीकखान्यांतून लाखांच्या संख्येनं गोळा केले. कित्येक वर्षं हाती काही लागलं नाही. १९६९ मध्ये त्या तीन अमिनो आम्लांचा क्रम उलगडला. १९७७ चं नोबेल त्या दोघांना मिळालं, आणि त्याच वर्षी रोझलिन यॅलो यांनाही. रक्तातलं इतकं सूक्ष्म संप्रेरक मोजायची किरणोत्सर्गी रीत यॅलो यांनी बसवली नसती, तर आईच्या ३८ ला आणि ९६ ला आकडाच नसता. आटपाडी, जतकडच्या धनगरांचे कळप उन्हाळ्यात आमच्याकडे नदीकाठी उतरतात. आता तो कळप रस्ता अडवून चालला असला, तर मी स्कूटर बंद करून उभी राहते. घाई करवत नाही.

शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली, नाकावाटे. कवटी न उघडता त्या मार्गानं जाऊन गाठ खरवडून काढतात, भोक मांडीच्या चरबीनं बुजवतात. त्याबद्दल मी फार लिहीत नाही. मी बाहेर होते आणि बाहेरच्या माणसाला सांगण्यासारखं काही नसतं. एवढं आठवतं, की पाचव्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "उशी कोरडी आहे." कितीतरी वर्षांनी तिला रात्री घाम आला नव्हता.

गाठ गेली, पण आता उलटी भीती. गाठीबरोबर चांगली ग्रंथीही दुखावली असली तर? पियुषिका मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींनाही हाक मारत असते, कॉर्टिसॉल सोडा म्हणून. ताप आला, अपघात झाला, उपास फार ताणला, की ही हाक मोठी व्हावी लागते. ती नाही झाली, तर माणूस साध्या तापात कोसळून जाऊ शकतो. आणि खालच्या ग्रंथी बरेच दिवस हाकच ऐकू आली नाही, तर आकसून जातात, मग मागाहून बोलावलं तरी लगेच उठत नाहीत. म्हणून आईला घरी पाठवताना गोळ्या दिल्या होत्या. त्या जन्मभर घ्यायच्या की सोडायच्या, हे मे महिन्यात ठरणार होतं. तपासणी इन्शुलिनची. रक्तातली साखर मुद्दाम ४० च्या खाली नेतात, शरीराला संकटात टाकतात, आणि बघतात पियुषिका आरडाओरडा करते की नाही. ज्यांना हृदयाचा आजार आहे, फिट येतात, त्यांची ही तपासणी करत नाहीत. आईच्या हृदयाची पट्टी आधी दोनदा काढून बघितली.

सकाळचे साडेआठ. खाटेच्या कडेला सिरिंजमध्ये भरलेलं ग्लुकोज तयार होतं. डॉक्टर स्वतः स्टुलावर बसले, त्यांनी घड्याळ काढून उशाशी ठेवलं आणि त्या दोन तासांत ते एकदाही उठले नाहीत. मी वही घेऊन पायथ्याशी. इन्शुलिन गेलं. दहा मिनिटं काहीच नाही. आई सांगलीच्या गणपतीची गोष्ट सांगत होती, संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत कशी रांग असते वगैरे. वीस मिनिटांनी तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आले. तोच घाम, मला वाटलं, तो परत आला. तिचे हात कापायला लागले. म्हणाली, "इतक्या संकष्ट्या केल्या, अशी भूक नाही लागली कधी." मग ती बोलायची थांबली. डोळे उघडे, पण कुठे बघतेय कळेना.

"काकू, तुमचं गाव कोणतं?"

काही नाही.

"काकू, नाव सांगा तुमचं."

ओठ हलले. आवाज नाही. डॉक्टरांनी शांतपणे सिरिंज हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू हाक मार."

मी "आई" म्हटलं. दिंडीदरवाजातून मारावी तशी, मोठ्यानं. वॉर्डातल्या बायकांनी वळून बघितलं.

"ओ," आई म्हणाली.

जाड, घोगरा, शेवटी जरा वर चढणारा. डॉक्टरांनी ते रक्त घेतलं, सिस्टरनी नळीवर वेळ लिहिली, मग शिरेत ग्लुकोज गेलं आणि दोन मिनिटांत आई माझ्याकडे बघून विचारत होती, "एवढ्या मोठ्यानं कशाला ओरडलीस?" साखर दिली म्हणून तपासणी वाया जात नाही, एकदा साखर पुरेशी उतरली होती, तेवढं बस होतं. पुढची रक्तं तासभर चालू राहिली. मी वहीत वेळा लिहिल्या. माझं अक्षर त्या पानावर वाचता येत नाही.

कॉर्टिसॉल ९ वरून २२ पर्यंत चढलं होतं. १८ च्या पुढे गेलं तर ग्रंथी शाबूत, असा तेव्हाचा हिशेब. गोळ्या सुटल्या. त्याच आठवड्यात दुसऱ्या दिवशी साखरेची आणि एक दिवस सोडून टीआरएचची तपासणी पुन्हा झाली. वेगवेगळ्या दिवशी अशासाठी, की साखर उतरली तरी वाढीचं संप्रेरक चढतं, मग कुठल्या हाकेला ओ मिळाला ते कळायला नको. साखरेनंतर आकडा १.२ पर्यंत उतरला. टीआरएचनंतर २.१ चे २.३ झाले, म्हणजे काहीच नाही. भलत्या हाकेला उठणाऱ्या पेशी मागे उरल्या नव्हत्या. तोंडात पितळेची चव मात्र तितकीच आली.

आता टीआरएचची ही तपासणी ॲक्रोमेगालीसाठी सहसा करत नाहीत. वाढीच्या संप्रेरकाच्या सांगण्यावरून यकृतातून येणारं आयजीएफ-१ मोजतात. ते दिवसभरात फारसं वरखाली होत नाही, एका रक्तात पुष्कळ कळतं. शंका उरली तर साखरेची तपासणी, मग एमआरआय. आईचं आयजीएफ-१ पहिल्यांदा २००४ मध्ये झालं, वयाच्या मानानं अगदी बरोबर. टीआरएचनं क्वचित कधी गाठीत रक्तस्राव होतो हेही कळलं होतं. म्हणजे ती तपासणी मागे पडली हे योग्यच झालं. तरी ती विसरली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. पेशी आपली जात विसरते म्हणजे काय, हे त्या वीस मिनिटांइतकं स्वच्छ मला दुसऱ्या कशानं दाखवलेलं नाही.

एक गोष्ट मी आईला पुष्कळ उशिरा सांगितली. टीआरएच सापडलं, पण वाढीच्या संप्रेरकाची खरी हाक, जीएचआरएच, ती मेंदूत शोधून शोधून शास्त्रज्ञ थकले होते. अमेरिकेत व्हर्जिनियात एका तरुण बाईला ॲक्रोमेगाली झाली. तिच्या पियुषिकेवर शस्त्रक्रिया केली, तर तिथे गाठ नव्हतीच, ग्रंथी नुसती फुगलेली. गाठ निघाली स्वादुपिंडात. ती गाठ पोटातून रात्रंदिवस पियुषिकेला हाका मारत होती आणि बिचारी ग्रंथी इमानानं ओ देत होती. तिच्या त्या गाठीतून, आणि फ्रान्समधल्या तशाच एका रुग्णाच्या गाठीतून, १९८२ मध्ये ती हाक वेगळी काढता आली. लाखो मेंढ्यांच्या मेंदूंतून जे हाती लागलं नव्हतं, ते दोन आजारी माणसांनी दिलं.

आई निवडायचे तांदूळ बाजूला ठेवून ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "नाव काय त्या पोरीचं?"

मी म्हटलं, रुग्णांची नावं छापत नाहीत.

"मग तिला कुणी सांगितलं का, की तिच्यामुळे हे झालं म्हणून?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आईनं तांदूळ परत पुढे ओढले. त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना ती नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडून उभी होती. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

वाढलेलं हाड परत येत नाही. जबडा तसाच राहिला, आवाजही. पण मऊ भागाची सूज उतरते, ती आठवड्यांत उतरायला लागते, आणि ती उतरताना आम्ही सगळे रोज बघत होतो, या वेळी खरंच बघत होतो. मुंग्या गेल्या. साखरेची गोळी आधी अर्धी झाली, मग बंद. पावसाळ्यात विलिंग्डनमधल्या मैत्रिणी घरी आल्या. त्यांनी दिंडीतून हाक मारली आणि मी जागची हलले नाही. आतून ओ आला. आई स्वतः चौकात गेली आणि त्यांना ओसरीवर बसवून तिनं दडपे पोहे केले.

ऑगस्टमध्ये, नागपंचमीच्या आदल्या दिवशी कासारमामा आले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. आई शेवटी बसली. मामांनी तिचा हात हातात घेतला, अंगठ्याखाली दाबलं, थांबले, पुन्हा दाबलं. दोन-दहाचा जोड माळेतून काढलेला होता, तो त्यांनी परत अडकवला.

"वहिनी, हात उतरला की."

आईनं त्यांना सगळं सांगितलं. मुंबई, नाकातून शस्त्रक्रिया, पितळेची चव, सगळं. हिरव्या बांगड्या एकेक करून वर चढत होत्या आणि मामा हूं हूं करत ऐकत होते. एकही वाढली नाही. जाताना त्यांनी पैसे घेतले नाहीत. आई मागे लागली तेव्हा म्हणाले, "पुढच्या संक्रांतीला घेतो."

ती शंभर पानी वही माझ्याकडे आहे. ३८, ४१, ३९, ४४, ४०. मग ९६. मग ९ आणि २२, मग १.२, मग २.१ आणि २.३. सगळं माझ्या अक्षरात, पानापानाला वेळा आणि तारखा. त्याखाली जरा जागा सोडून आईच्या अक्षरात एक ओळ आहे. ती तिनं कधी लिहिली ते मला दिवाळीत वही आवरताना कळलं.

१० ऑगस्ट १९९४. बांगडी, अडीच.